गरुडाच्या पोस्टरखालची बारीक अक्षरं

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर धाकट्या चुलतभावानं एक फॉरवर्ड टाकला. चार जुनी पोस्टरं, त्यांवर लाल बाण आणि खाली हातभर मजकूर. पुढच्या आठवड्यात तोच मजकूर आणखी दोन ग्रुपांवरून आला, एकदा तर आम्हाला कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या महायुद्धात सरकारांनी विमानदलाची रंगीत पोस्टरं लावून कोवळ्या पोरांना ‘आकाशातले सरदार’ व्हायची भुरळ घातली. हजारो पोरं पोस्टर बघून वैमानिक व्हायला धावली. तिथं त्यांचं सरासरी आयुष्य होतं तीन आठवडे. निम्म्याहून जास्त तर शिकतानाच मेली. पॅराशूट तयार असूनही ‘पोरं उड्या मारून पळतील’ म्हणून दिलं नाही. आणि आपल्याकडच्या तरुणांनाही असंच पोस्टर दाखवून नेलं. शेवटी नेहमीप्रमाणे, ‘डोळे उघडा, पुढे पाठवा’.

मी बार्शीत छपाईचा धंदा करतो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण आमच्या धंद्यात एक खोड लागते. निवडणुकीचं साधं पत्रक छापलं तरी तळाला मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता टाकावा लागतो. विसरलं तर उमेदवार बाजूला राहतो आणि मुद्रक अडकतो. त्यामुळे कुठलाही छापील कागद समोर आला की माझी नजर आधी तळाला जाते. या चार पोस्टरांचंही मी तेच केलं. फोनवर चित्र ताणून ताणून मोठं केलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. फॉरवर्ड बनवणाऱ्यानं ती वाचलेली नाहीत, एवढं लगेच कळलं.

पहिलं चित्र लंडनचं. काळोख्या आभाळात सर्चलाइटच्या झोतात सापडलेलं झेपेलिन, म्हणजे जर्मनांचं हवेत तरंगणारं भलंमोठं आकाशयान, खाली शहराचे घुमट आणि मनोरे. वर लिहिलंय: घरात बसून बॉम्बनं मरण्यापेक्षा बंदुकीच्या गोळ्यांना तोंड देणं कितीतरी बरं. त्याखाली: ताबडतोब सैन्यात भरती व्हा आणि हवाई हल्ला थांबवायला मदत करा. साल १९१५. चित्रात आकाशयान आहे म्हणून हे ‘विमानदलाचं पोस्टर’ ठरवून टाकलंय. पण ते व्हाइटहॉलच्या भरती कचेरीनं काढलेलं साध्या लष्करभरतीचं पोस्टर आहे. विमानाचं नाव नाही, वैमानिकाचं नाही. त्यात साहसाची भुरळही कुठे दिसत नाही, दिसते ती निव्वळ भीती. जानेवारी १९१५ मध्ये झेपेलिनांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहिले बॉम्ब टाकले, मेअखेर लंडनवर टाकले आणि भरती कचेरीनं ती धास्ती कागदावर उतरवली. गंमत म्हणजे हे पोस्टर बघून जो भरती झाला असेल तो बहुतेक फ्रान्सच्या खंदकात गेला, आणि तिथून त्याला झेपेलिनचं काही वाकडं करता येणार नव्हतं. ब्रिटनच्या आभाळात विमानातून पहिलं आकाशयान पाडायला सप्टेंबर १९१६ उजाडला. पाडणारा लेफ रॉबिन्सन आपल्या कूर्गमध्ये जन्मलेला. तो पायदळाच्या पलटणीतून बदली मागून विमानदलात आला होता. ही बदलीची गोष्ट पुढे लागणार आहे.

दुसरं चित्र अमेरिकेचं आणि तेच सगळ्यात देखणं. पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड एका काळ्या गरुडावर तुटून पडलाय. ‘लष्कराच्या हवाई सेवेत या, अमेरिकन गरुड व्हा!’ चितारणारा चार्ल्स लिव्हिंग्स्टन बुल हा प्राण्या-पक्ष्यांची चित्रं काढणारा माणूस. त्याआधी संग्रहालयासाठी मेलेली जनावरं पेंढा भरून उभी करायचं काम त्यानं केलं होतं. म्हणूनच त्या पंखांतलं एकेक पीस मोजून घ्यावं असं आहे. फॉरवर्डचा लाल बाण बरोबर त्या पंखांवर येऊन थांबतो. आता तळाची ओळ बघा: आपल्या स्थानिक ड्राफ्ट बोर्डाला विचारा, कुठल्याही भरती कचेरीत सचित्र पुस्तिका वाचा, किंवा वॉशिंग्टनला मुख्य सिग्नल अधिकाऱ्याला लिहा. ड्राफ्ट बोर्ड म्हणजे सक्तीच्या भरतीचं मंडळ. मे १९१७ मध्ये अमेरिकेत सक्तीच्या भरतीचा कायदा झाला होता. ज्याचं नाव त्या यादीत लागलंय त्याला कुठे ना कुठे जायचंच होतं. पोस्टर त्याला एवढंच सांगतं की जायचंच आहे तर आमच्याकडे ये. घरी सुखानं बसलेल्या पोराला गरुडाचं चित्र दाखवून पळवून नेलं, ही गोष्ट त्या एका ओळीतच ढिली पडते.

तिसरं चित्र फॉरवर्डवाल्यानं का घातलं हेच कळत नाही, कारण ते त्याच्याच विरुद्ध साक्ष देतं. १९१८ चं, लुई फॅन्चरचं. वरचे मोठे शब्द ‘ओव्हर देअर!’, म्हणजे तिकडे, समुद्रापलीकडे युरोपात. आणि त्याखाली, भिंग न लावताही वाचता येईल अशा अक्षरात: कुशल कामगार, जमिनीवर, आघाडीच्या मागे, हवाई सेवेत. जमिनीवर! आघाडीच्या मागे! एवढं स्पष्ट लिहिल्यावर ‘आकाशातले सरदार’ कुठून काढले?

चौथ्या चित्रात स्पिटफायर आहे. ते विमान पहिल्यांदा उडालं १९३६ मध्ये, म्हणजे पोस्टर दुसऱ्या महायुद्धाचं. यावर जास्त शाई घालवत नाही.

आता मूळ दाव्याकडे. पोस्टर बघून हजारो पोरं वैमानिक झाली म्हणे.

ब्रिटनचं रॉयल फ्लाइंग कोअर १९१२ मध्ये उभं राहिलं. त्या काळात त्यात वैमानिक म्हणून शिरायचं तर आधी स्वतःच्या पैशानं खासगी शाळेत विमान शिकायचं, रॉयल एरो क्लबचा दाखला मिळवायचा आणि मग निवड झाली तर ७५ पौंड परत मिळायचे. पायदळातल्या साध्या शिपायाला तेव्हा दिवसाला एक शिलिंग पगार. म्हणजे चार वर्षं एक पैही खर्च न करता साठवली तरच एवढी रक्कम उभी राहणार. हे दार कोणासाठी उघडं होतं ते सांगायला नको. पुढे महायुद्धात नावाजलेला अल्बर्ट बॉल आधी पायदळात अधिकारी होता. १९१५ मध्ये त्यानं लंडनजवळच्या हेंडनला पदरचे पैसे भरून शिकवणी घेतली, दाखला मिळवला आणि मग बदली मागितली. मुलाखतीत घोडा दामटता येतो का, खेळ कुठले खेळता असले प्रश्न असायचे. या चाळणीत भिंतीवरच्या पोस्टरचं काय काम?

पोस्टर लागत होतं दुसऱ्या दारासाठी. तिथं बोलावणं होतं सुताराला, फिटरला, लोहाराला, तांबटाला, वीजवाल्याला, शिडाचं कापड शिवणाऱ्याला. आणि त्यांना दाखवलेली लालूच ढगांची नव्हती, पगाराची होती. दुय्यम श्रेणीच्या एअर मेकॅनिकला दिवसाला दोन शिलिंग, पहिल्या श्रेणीच्याला चार. पायदळाच्या दुप्पट आणि चौपट. हातात कला असलेल्या माणसाला हा सौदा कळतो. त्यात फसवणूक शोधायची तर शोधावी, पण ती ‘गरुड व्हा’ छापाची नाही.

का एवढे कारागीर लागत होते? तेव्हाचं विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं तागाचं कापड आणि सगळं एकमेकांना धरून ठेवणाऱ्या तारा. पाऊस पडला, ऊन लागलं की तारा सैल व्हायच्या, पंखाचा कोन बिघडायचा. त्या तारा रोज ताणून बसवणारा माणूस म्हणजे रिगर. कापडावर ‘डोप’ नावाचं लुकण फासलं की ते ढोलकीच्या पुडीसारखं ताठ व्हायचं. सुरुवातीच्या काही डोपमध्ये टेट्राक्लोरोएथेन नावाचं द्रव्य असायचं. त्याच्या वाफेनं कारखान्यात काम करणाऱ्यांना कावीळ व्हायची, काही जण त्यात गेले. कुठल्याही पोस्टरवर ते आलं नाही. या बाबतीत फॉरवर्डवाल्याला राग यायला हवा होता, पण त्याला ही माणसं दिसलीच नाहीत. इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल घालत, कारण फिरत्या सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोलमध्ये न मिसळणारं तेल तेच. ते जळून धुरातून मागे यायचं आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं. पोटाचं पुढे काय होत असेल ते आपल्या आजीच्या हातचं एरंडेल घेतलेल्याला सांगायला नको. हे एरंड बव्हंशी भारतातलं. अमेरिकेनं १९१८ मध्ये भारतातून बियाणं मागवून फ्लॉरिडा-टेक्सासकडे शेतंच्या शेतं लावली. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते तिकडे खरोखरीचं झालं.

आकडे बघा. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेलं ब्रिटिश विमानदल म्हणजे १०५ अधिकारी, ७५५ इतर आणि ६३ विमानं. युद्ध संपलं तेव्हा रॉयल एअर फोर्समध्ये, म्हणजे त्याच विमानदलाच्या पुढच्या रूपात, २७,३३३ अधिकारी आणि २,६३,८३७ इतर. वैमानिक बहुतेक अधिकाऱ्यांतले, आणि सगळे अधिकारीही वैमानिक नव्हते. म्हणजे दहांतले नऊ जण जमिनीवर. अमेरिकेत शेवटी सुमारे वीस हजार अधिकारी आणि पावणेदोन लाखांच्या आसपास इतर, प्रमाण साधारण तेच. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. विमानासाठी लागणारं स्प्रूसचं लाकूड मिळेना म्हणून अमेरिकेच्या लष्करानं सुमारे २८,००० शिपाई ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या जंगलात पाठवले. विमानाच्या नावाखाली गणवेश चढवला आणि हातात करवत आली. युद्धभर विमान जवळून न पाहिलेलेही त्यांच्यात असतील.

यात बायकाही होत्या. एप्रिल १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांचं वेगळं हवाई दल निघालं. सुमारे ३२,००० जणींनी त्यात काम केलं, कारकुनी, स्वयंपाक, मोटार चालवणं, कापड शिवणं आणि इंजिनं खोलणं सुद्धा. फॉरवर्डमध्ये ‘पोरं’ एवढंच आहे.

तारखांचा गुंता वेगळाच. ब्रिटनमधल्या भरतीच्या पोस्टरांचा खरा पूर आला १९१४ आणि १९१५ मध्ये. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, मार्चपासून लागू झाला, आणि पोस्टर लावून माणसं बोलवायची गरजच संपत आली. विमानदल फुगलं ते त्यानंतर. म्हणजे पोस्टरं जोरात होती तेव्हा वैमानिक मूठभर लागत होते, आणि वैमानिक हजारांनी लागायला लागले तेव्हा ते पलटणीतून बदल्या होऊन आणि कॅडेट म्हणून येत होते. जेम्स मॅकडन हा तर एअर मेकॅनिक म्हणून इंजिनं पुसता पुसता १९१६ मध्ये वैमानिक झाला आणि त्याच्या नावावर शत्रूची पाडलेली ५७ विमानं लागली. त्याला वर नेलं ते पोस्टरनं नाही, हँगरमधल्या तीन वर्षांनी.

इथं एक कबुली देतो, नाहीतर माझंही फॉरवर्डच होईल. अमेरिका-कॅनडात १९१७ नंतर वैमानिक हवेत अशा जाहिराती निघाल्या, आणि बुलचा गरुड हा काही फिटरला घातलेली हाक वाटत नाही. ते पोस्टर बघून कोणाच्या छातीत धडधडलं असेलच. पण धडधडल्यावर लगेच विमानात बसवत नव्हते. अमेरिकेत आधी वैद्यकीय तपासणी, मग एमआयटी, कॉर्नेल, प्रिन्स्टन अशा आठ विद्यापीठांत काढलेल्या शाळांत वर्ग, परीक्षा, आणि मग उड्डाण. सुरुवातीला तर कॉलेजात गेलेलाच माणूस हवा असायचा.

मग ‘आकाशातले सरदार’ आले कुठून? ते वर्तमानपत्रांतून, संसदेतून आणि पानपट्टीच्या टपरीत मिळावं तसं मिळणाऱ्या पोस्टकार्डांतून. ऑक्टोबर १९१७ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्जनं पार्लमेंटात वैमानिकांना या युद्धातले सरदार-शिलेदार म्हटलं. बर्लिनला विली सान्के नावाच्या प्रकाशकानं बोल्के, इमेलमान, रिख्टहोफेन या नावाजलेल्या जर्मन वैमानिकांचे फोटो छापून पोस्टकार्डं विकली. शाळकरी पोरं ती आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांच्या फोटोंसारखी जमवत. ती लोकांनी पदरचे पैसे देऊन घेतलेली. सरकारनं भिंतीवर चिकटवलेला कागद आणि माणसानं स्वतः विकत घेऊन उशाशी ठेवलेलं कार्ड यांत फरक आहे. आमच्या धंद्यात तर जमीन-अस्मानाचा, कारण एकाचं बिल सरकार देतं आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक.

आता तीन आठवडे.

हा आकडा कधी अकरा दिवस होतो, कधी सतरा तास. कुठल्या महिन्यात, कुठल्या आघाडीवर, कुठल्या विमानात, हे कोणी सांगत नाही. पण त्याला जागा आहे. एप्रिल १९१७, फ्रान्समधलं अरास. ब्रिटिशांची विमानं जुनी, जर्मनांची नवी, आणि तोफखान्यासाठी फोटो तर रोज हवेतच. त्या एका महिन्यात ब्रिटिशांची २४५ विमानं गेली, २११ जण मेले किंवा बेपत्ता झाले, १०८ कैदेत पडले. त्या महिन्यात नव्या पोराचं काय होत असेल याची कल्पना करवत नाही. पण सगळ्यात वाईट महिना उचलून चार वर्षांवर पसरला की तो आकडा खोटा होतो. साधा हिशेब करा. ब्रिटिशांनी युद्धभरात सुमारे २२,००० वैमानिक तयार केले. विमानदलांचे मृत आणि बेपत्ता सगळे मिळून ९,३७८. यात वैमानिकासोबत बसून टेहळणी करणारे निरीक्षक आहेत, अपघात आहेत, सगळ्या आघाड्या आहेत. समजा त्यातला प्रत्येक जण वैमानिकच होता, तरी निम्म्याहून जास्त वैमानिक घरी परतले. तीन आठवडे सरासरी असती तर परतायला कोण उरलं असतं? आणि हे म्हणताना मला ९,३७८ हा आकडा लहान वाटत नाही. त्यासाठी त्याला फुगवायची गरजच नाही, एवढंच.

याच हिशेबात पुढचा मुद्दाही निकालात निघतो. ‘निम्म्याहून जास्त प्रशिक्षणात मेले’ याच्यासोबत नेहमी एक नेमका आकडा येतो: एकूण १४,१६६ वैमानिक मेले, त्यांतले ८,००० शिकताना. आकडा इतका नेटका की खरा वाटतो. पण मेलेल्या वैमानिकांचा हा आकडा विमानदलांच्या एकूण मृत आणि बेपत्ता माणसांपेक्षाच मोठा आहे. घरातल्या पोरांची संख्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त कशी होईल?

तरी शिकताना खूप पोरं मेली हे खरंच आहे. शिकवणारे स्वतः आघाडीवरून थकून आलेले, विमानं टाकाऊ, आणि पोराला दोन-चार तासांत एकट्याला वर सोडायची घाई. शिकवणारे आपल्या विद्यार्थ्यांना आपसात ‘हूण’ म्हणत. हूण म्हणजे जर्मन. कारण शत्रूपेक्षा जास्त विमानं हेच मोडतात. विनोद कडू होता, पण खोटा नव्हता. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्यानं गॉस्पोर्टला शिकवायची पद्धतच बदलली: दोघांना सुकाणू, बोलायला नळी, आणि गिरकी खाऊन विमान पडायला लागलं की काय करायचं ते मुद्दाम गिरकी खाऊन शिकवायचं. त्याआधी गिरकीपासून लांब राहा एवढंच सांगत. पोरांना मारलं असेल तर या अज्ञानानं आणि घाईनं. दोष गरुडावर ढकलला की ही माणसं सुटतात. मला या फॉरवर्डचा सगळ्यात जास्त राग त्यासाठी आला.

पॅराशूटचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो आमच्या गावातून जातो.

बार्शीच्या कोणालाही विचारा, बार्शी लाईट माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. अडीच फुटी रुळांवरची ती चिमुकली रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावायला लागली. ती आखून उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अरुंद रुळांवरही जड माल नेता येतो हे त्यानं इथं सिद्ध केलं आणि हलक्या रेल्वेच्या जगात त्याचं नाव झालं. हाच कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडला परतून पॅराशूट बनवत बसला. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून मेला. कॅलथ्रॉपच्या मनानं तेच घेतलं. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’, पाठराखण करणारा देवदूत. जानेवारी १९१७ मध्ये क्लाइव्ह कॉलेट या अधिकाऱ्यानं ते लावून विमानातून उडी मारली आणि सुखरूप उतरला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून दाखवली, एवढ्या कमी उंचीवरूनही ते उघडतं हे लोकांना पटावं म्हणून.

म्हणजे पॅराशूट तयार होतं हे फॉरवर्डचं म्हणणं खरं. बलूनमध्ये बसून टेहळणी करणारे तर पॅराशूट वापरतच होते. मग वैमानिकाला का नाही? फॉरवर्ड एकच कारण देतो: पोरं पळतील. असं बोलणारे वरिष्ठ नव्हते असं मी म्हणत नाही, ती कुजबूज त्या काळातही होती. पण अडचण नुसती मनातली नव्हती. गार्डियन एंजल पाठीवर घ्यायचं नव्हतं. ते एका डब्यात घडी घालून विमानाच्या अंगावर बसवायचं आणि माणसाच्या वजनानं ओढून ते उघडायचं. डब्याचं वजन आलं, आकार आला. एकेक पौंड वजनावर विमानाची वर चढायची गती ठरायची. जी एकबैठी लढाऊ विमानं सगळ्यात जास्त जळत पडत होती, त्यांच्यातच हा डबा ठेवायला जागा सगळ्यात कमी. जर्मनांनी १९१८ मध्ये बैठकीवर बसेल असं हाइनेके पॅराशूट दिलं. त्यानं अर्न्स्ट उडेट या जर्मन वैमानिकाचा जीव वाचवला. २९ जून १९१८ ला तो उडी मारताना पट्टा शेपटीला अडकला आणि अगदी शेवटी सुटला. पण कित्येकांची ती उघडली नाहीत, किंवा विमानालाच गुंतली.

माझं मत विचाराल तर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी यात कुचराई केली. कॅलथ्रॉपचं थोडं लवकर ऐकलं असतं तर काही पोरं वाचली असती. मॅकडनइतकाच नावाजलेला ब्रिटिश वैमानिक मॅनॉक जळत्या विमानाला इतका घाबरायचा की आधीच गोळी घालून घ्यायला पिस्तूल बाळगत असे म्हणतात. पण कुचराई हा एक गुन्हा आणि ‘मरू द्या पोरांना’ असं ठरवणं हा दुसरा. आणि या दोन्हींचा पोस्टरशी संबंध शून्य. पॅराशूट नाही म्हणून कोणी पोस्टर छापायचं थांबवलं नाही, आणि पोस्टरमुळे कोणाचं पॅराशूट गेलं नाही.

राहता राहिले आपले तरुण. फॉरवर्ड म्हणतो त्यांनाही पोस्टरनं वैमानिक केलं. इथं मात्र गोष्ट बरोबर उलटी आहे. बोलावणं सोडा, दारच बंद होतं. लढाऊ दलात राजाच्या सहीचं अधिकारपद भारतीयाला ऑगस्ट १९१७ पर्यंत सहसा मिळत नव्हतं. इथल्या भरतीच्या एका पोस्टरवर गणवेश, बंदूक आणि रुपये मांडून विचारलंय, हे कोण घेईल? उत्तर तिथंच, जो सैन्यात भरती होईल तो. मागणी होती शिपायाची, विमानाचं कोणी विचारत नव्हतं.

तरीही चौघं जण शिरले. हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डचा विद्यार्थी. ब्रिटिशांनी दाद दिली नाही म्हणून फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेला, फ्रेंच विमानदलात जायची तयारी केली. तेव्हा त्याच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींनी ब्रिटिश विमानदलाच्या जनरल हेंडरसनला पत्र लिहिलं, की फ्रेंच ज्याला घ्यायला तयार आहेत त्याला आपण नाकारतो हे लाजिरवाणं आहे, अशा अर्थाचं. मग १९१७ च्या एप्रिलमध्ये त्याला कॅडेट म्हणून घेतलं. पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेऊन तो उडाला. इंद्रलाल रॉय लंडनच्या सेंट पॉल शाळेतून आला. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं त्याच्या नावावर लागली आणि २२ जुलैला तो पडला, वय १९. एरॉल सेन जर्मनांच्या कैदेत गेला. आणि चौथा आपल्या मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेला, २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमानावर. जून १९१८ मध्ये तो शत्रूच्या हद्दीत पडला आणि जखमांनी गेला. फ्रान्समधल्या हँगारच्या दफनभूमीत त्याची जागा आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, सेंट पॉल. यांतल्या कोणाला भिंतीवरच्या कागदाची वाट बघायची होती?

हे सगळं मी चुलतभावाला ग्रुपवर लिहिलं नाही. तिथं कोण वाचतं? रविवारी तो प्रेसवर आला तेव्हा काँप्युटरवर फॅन्चरचं पोस्टर मोठं करून समोर ठेवलं आणि म्हटलं, ‘गरुड राहू दे. हे वाच.’

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक शब्द जुळवत वाचलं. स्किल्ड वर्कर्स. ऑन द ग्राउंड. मग थोडा वेळ थांबला. आमचे दोघांचे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, बार्शी लाईटची इंजिनं खोलायचे.

‘म्हणजे आपल्या अण्णांसारख्या माणसाला बोलवत होते की हे,’ तो म्हणाला. ‘पगार किती देत होते?’